अहीं सुधी : बडोद्यातल्या एका गल्लीत पुराची रेषा बांधताना

२०२२च्या हिवाळ्यात विश्वामित्री नदीच्या काठाजवळच्या एका लांब भिंतीवर मी मोर रंगवला होता. सुशोभनाचं काम, चौरस फुटावर पैसे. मोर, कमळं, दोन बगळे. २०२४च्या ऑगस्टअखेर पूर आला, ओसरला, आणि चौथ्या दिवशी मी ती भिंत बघायला गेले. मोराच्या मानेवरून एक तपकिरी रेषा आडवी गेली होती. रेषेखाली सगळा चिखल. वर मान आणि तुरा तसाच, निळाशार.

त्या भिंतीमागे वस्ती आहे. भिंतीच्या अलीकडे उभी राहून मी तीन आठवडे मोर रंगवला आणि पलीकडे एकदाही डोकावले नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा मागच्या बाजूला गेले. गाद्या, पुस्तकं, फ्रिज, सगळं बाहेर काढून ठेवलेलं. दोन्ही बाजूच्या घरांच्या भिंतींवरून तीच तपकिरी रेषा थेट नदीपर्यंत गेली होती.

इथून पुढे जे झालं ते सविस्तर लिहून ठेवते आहे. रस्त्यावर, लोकांच्या दारात काही उभं करायचं मनात असेल तर सुरुवात कुठून करायची, अर्ज कुणाला द्यायचा, किती वाट बघायची, हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

मी मूळची लातूर जिल्ह्यातली. २०१७ साली बडोद्यात आले, हॉर्डिंग आणि भिंती रंगवायच्या कामावर. त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. टँकरपुढे घागरी लावून उभं राहण्यात आमचे उन्हाळे गेले. त्यामुळे २६ ऑगस्टनंतर जेव्हा नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती ३५ फुटांच्याही वर गेली, तेव्हा मला पाण्याची भीती वाटते हे माझं मलाच नव्याने कळलं. माझी खोली दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर, म्हणून मी वाचले. वीज गेलेली, मोबाइल बंद पडत आलेला, आणि खाली काकू, म्हणजे माझ्या घरमालकीणबाई, जिन्यात मेणबत्ती घेऊन बसलेल्या. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोद्यात सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या आठवड्यात त्या सोसायट्यांमध्ये आल्या, लोकांच्या अंगणात सापडल्या.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी वस्तीत जायला लागले. पहिल्याच दिवशी मोठी चूक झाली. हातात वही आणि पेन होतं. दहा मिनिटांत माझ्यापुढे वीस-पंचवीस माणसं उभी. कुणाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स, कुणाच्या हातात रेशन कार्ड, एका बाईंनी भिजून चिकटलेलं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवलं. त्यांना वाटलं नुकसानभरपाईचा सर्व्हे आला. मी काय सांगणार होते? ‘मला एक कलाकृती करायची आहे’? तोंडातून शब्द फुटेना. त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वही घरी ठेवून गेले. प्रत्येक दारात आधी दोन वाक्यं बोलायची ठरवलं : मी सरकारकडून आलेली नाही, माझ्याकडून पैसे किंवा मदत मिळणार नाही. हे आधी सांगितलं की अर्धी माणसं निघून जातात. जाऊ द्यावीत. जी थांबतात ती मनापासून बोलतात. फोटोही पहिले सहा आठवडे एकसुद्धा काढला नाही.

विचारायचा प्रश्न एकच होता आणि तो मी काकूंकडून गुजरातीत घोटून घेतला होता. “पाणी क्यां सुधी आव्युं हतुं?” पाणी कुठपर्यंत आलं होतं? आणि मग जे झालं त्यातूनच पुढचं सगळं उभं राहिलं. कुणीच फुटात उत्तर दिलं नाही. प्रत्येकाने स्वतःच्या अंगावर हात ठेवला. “अहीं सुधी.” इथपर्यंत. एकाने मांडीवर, एकीने बेंबीवर, एका म्हाताऱ्या माणसाने गळ्यावर, हाताची कड आडवी धरून. आठ-नऊ वर्षांच्या मुलीने हात डोक्याच्या वर नेला, मग पायांच्या चवड्यांवर उभी राहिली, तरी पुरेना, तेव्हा तिच्या आईने तिला उचललं आणि मुलीने दाराच्या चौकटीला बोट लावलं. मी दारोदार हात बघत राहिले. भाषा माझी नव्हती, पण हात कळत होते.

क्रिश्तॉफ वोदिच्को नावाचा कलाकार वॉर्सात जन्मला, १९७७ मध्ये कॅनडात आणि नंतर न्यूयॉर्कला गेला. १९८८-८९ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या बेघर माणसांसाठी एक हातगाडी बनवली. डबे-बाटल्या गोळा करून विकायच्या आणि रात्री त्याच गाडीत झोपायचं, अशी. ती गाडी त्याने बेघर माणसांशी बोलत, त्यांच्या सूचनांवरून घडवली. मला त्याच्या कामातलं हेच पटतं. बाहेरून आलेल्या माणसाला गृहीत धरता येत नाही, विचारावंच लागतं. लातूरमध्ये मी असं काही केलं असतं तर कदाचित कुणाला विचारलंच नसतं, मला सगळं माहीत आहे असं समजले असते. बडोद्यात तशी सोय नाही. विचारणं हीच माझी पद्धत झाली, आणि मला वाटतं कामाचा निम्मा भाग तोच आहे.

डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत आराखडा ठरला. प्रत्येक दारासमोर १० फुटी बांबू उभा करायचा आणि घरच्या माणसाने जिथे हात ठेवला तितक्या उंचीवर कापडाची वीतभर रुंद पट्टी बांधायची. कापड त्यांच्याच घरातलं. नवं निळं कापड आणायचा माझा विचार होता, त्याला वस्तीतल्या बायकांनीच नकार दिला. “पाणी निळं नव्हतं,” एकजण म्हणाली. खरंच होतं. मग कुणी साडीचा काठ दिला, कुणी उशीचा अभ्रा, एकीने मुलाच्या शाळेच्या शर्टाची बाही. धुऊनही डाग गेला नव्हता. साधारण ६० घरांपैकी ४३ तयार झाली. बाकीच्यांना मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. एक गृहस्थ म्हणाले, “मेरा जो गया सो गया, अब उसका झंडा क्यूं लगाऊं?” त्यांचं दार मोकळं राहिलं.

परवानगीचं सविस्तर सांगते. १८ डिसेंबरला महापालिकेत अर्ज दिला. काकूंनी तो गुजरातीत लिहून दिला. त्यांच्या घराण्याच्या पाच पिढ्या गायकवाडांच्या बडोद्यात गेल्यात, त्यांचं गुजराती कचेरीतल्या माणसालाही मान डोलवायला लावतं. अर्जाच्या तीन प्रती, गल्लीचा हाताने काढलेला नकाशा, बांबूची उंची आणि वजन, दोन फोटो. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. मला पुढे दोनदा अर्ज पुन्हा दाखवावा लागला, दोन्ही वेळा तो क्रमांकच कामी आला.

पहिल्या कार्यालयाने फाईल जाहिरातीच्या टेबलावर पाठवली. म्हणजे ४३ बांबू हे ४३ फलक, आणि चौरस फुटावर, दिवसावर भाडं. आकडा ऐकून मी खुर्चीवर बसून राहिले. यात विकायचं काहीच नाही, हे समजावण्यात तीन आठवडे गेले. त्यात उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, आलं. १४ आणि १५ जानेवारीला बडोद्यात कुणी जमिनीवर नसतं, सगळे गच्चीवर, आणि फाईलही मागे-पुढे आठवडाभर जागची हलली नाही. मी धीर सोडला होता. काम सोडून द्यावं असं दोन-तीन रात्री वाटलं.

वाट काकूंनी दाखवली. त्या म्हणाल्या, “अगं, तू हे कला कला काय सांगत बसतेस? गणपतीचा मंडप कसा मागतात, तसा माग ने!” बडोद्यातला गणेशोत्सव केवढा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि मग नवरात्र. तात्पुरता मंडप म्हणजे काय, बांबू किती खोल, रस्ता किती मोकळा, हे इथल्या प्रत्येक कारकुनाला पाठ आहे. मी २१ जानेवारीला नवा अर्ज केला : तात्पुरती बांबूची मांडणी, १५ दिवस, वाट अडणार नाही, खड्डा खणणार नाही. त्याच टेबलावरच्या त्याच गृहस्थांनी या वेळी पाच मिनिटांत कागदांची यादी हातात दिली. कार्यालयाला जो प्रकार आधीपासून ओळखीचा आहे त्याच्या जवळ जाणारा शब्द आपल्या कामासाठी शोधावा. यात खोटं काही नाही, माझे बांबू खरंच तात्पुरते होते.

यादीत होतं : ५० रुपयांच्या ई-स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र (राजकीय घोषणा नसेल, मुदतीनंतर स्वखर्चाने काढीन, इजा झाली तर जबाबदारी माझी), पोलिसांचा ना-हरकत दाखला, वस्तीतल्या रहिवाशांच्या सह्या, आणि ५,००० रुपये परत मिळणारी अनामत. नोटरीचे दीडशे धरून प्रतिज्ञापत्राला २०० रुपये पडले. पोलिसांकडे तीन फेऱ्या झाल्या. तिथल्या एका अधिकाऱ्याने विचारलेला प्रश्न मात्र मी घरी घेऊन आले. “लोक पूर विसरायचा प्रयत्न करतायत. तुम्ही आठवण कशाला करून देता?” प्रश्न सरळ मनाने विचारलेला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी तो तसाच वस्तीत नेला.

गल्लीच्या शेवटच्या, नदीकडच्या घरात धुळ्याकडच्या एक आजी राहतात. लग्न होऊन इथे आल्याला चाळीस वर्षं झाली, माझ्याशी मराठीत बोलतात. त्यांनी तांदूळ निवडता निवडता उत्तर दिलं, मान वर न करता. “इसरून कसं चालंल, बाई? पुढच्या बारीला सामान कुठवर उचलायचं ते कळायला नको?” मी हे पुढच्या फेरीत त्या साहेबांना सांगितलं. ते जरा थांबले आणि त्यांनी सही केली. २० फेब्रुवारीला परवानगीचा कागद हातात आला. पहिल्या अर्जापासून ६४ दिवस.

खड्डा खणायचा नाही म्हणून रंगाचे २० लिटरचे रिकामे डबे वापरले. रंगाऱ्यांकडून ३० रुपयाला एक, ४३ डब्यांचे १,२९०. त्यात अर्ध्यापर्यंत विटांचे तुकडे आणि वर वाळू-सिमेंट. बांबू १२० रुपयांना एक, म्हणजे ५,१६०. विकत घेताना प्रत्येक बांबू उभा धरून बघा, ढिगात सरळ दिसणारा निम्म्या वेळा वाकडा निघतो. वाळू-सिमेंटचे २,४०० गेले, टेम्पोच्या दोन खेपांचे १,२००.

१ आणि २ मार्च, शनिवार-रविवार, मांडणीचे दिवस. वस्तीतलेच एक गवंडी, सगळे त्यांना भाई म्हणतात, आपली लेव्हलची नळी घेऊन आले. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी : लांब पारदर्शक नळीत पाणी भरतात, दोन माणसं दोन टोकं धरतात, आणि टोकं कितीही लांब असली तरी दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं. आत बुडबुडा मात्र राहता कामा नये, नाहीतर माप चुकतं. भाईंनी नळी उन्हात धरून, बोटाने टिचक्या मारत एकेक बुडबुडा वर काढला. पंधरा मिनिटं लागली. कुणी घाई केली नाही.

खरं तर नळीची मला गरज नव्हती. उंची तर लोकांनी अंगावर सांगितलेली होती. पण भाईंना बघायचं होतं. त्यांनी एक टोक पहिल्या घराच्या पट्टीला लावलं, जिथे पाणी मांडीपर्यंत आलेलं. दुसरं टोक मी धरून उताराने पुढे निघाले. दुसरं घर, पाचवं, अकरावं. प्रत्येक ठिकाणी नळीतलं पाणी पट्टीच्या आसपास येऊन थांबायचं, दोन-चार बोटं खाली-वर. कंबर, छाती, गळा. नळी पुरेना की तिथून नवं माप धरायचो. आजींच्या दारात पोचलो तेव्हा नळीतलं पाणी माझ्या डोक्याच्या वर होतं आणि आजींची पट्टीही तिथेच. गल्ली नदीकडे साडेतीन फूट उतरते. इतके दिवस मी त्या गल्लीतून चालत होते, मला उतार जाणवला नव्हता. सहा महिने उलटून गेल्यावर, नुसत्या हाताने दाखवलेल्या ४३ उंच्या, आणि त्या जवळजवळ एका ओळीत. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की साडीचे काठ, अभ्रे, बाह्या, सगळ्यांची मिळून एक सरळ रेषा दिसत होती. भाई बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, “कोईए खोटुं नथी कीधुं.” कुणीच खोटं सांगितलं नाही.

एक पट्टी मात्र रेषेच्या पुरी फूटभर वर होती. चौदाव्या घरातली. भाई म्हणाले, उतरवू या. त्या घरातली बाई म्हणाली, “ना, अहीं ज.” तिने हात ठेवून दाखवलेली जागा तीच होती. त्या रात्री तिने तान्ह्या मुलाला दोन्ही हातांनी वर धरलं होतं, पहाटेपर्यंत. मी पट्टी तिथेच ठेवली. भाईंना ते पटलं नाही, त्यांचं मापावर प्रेम आहे, आणि मला त्यांचंही म्हणणं समजतं. संध्याकाळपर्यंत आम्ही त्यावर बोलत होतो.

पुढचे १५ दिवस मी रोज सकाळी आणि संध्याकाळी जात होते. बांबूला हात लावू नका अशी पाटी मी लावली नाही. पोरांनी तिसऱ्याच दिवशी खडूने बांबूंवर मगरी काढल्या. बायकांनी दोन बांबूंमध्ये दोरी बांधून कपडे वाळत घातले, आणि मला ते आवडलं. फाइन आर्ट्सचे विद्यार्थी येऊन गेले. बाहेरून आलेल्यांना मी एकच विनंती करत असे, फोटो आधी विचारून काढा. दोघांनी न विचारता आजींच्या घराचे फोटो काढले, तेव्हा आजींनीच त्यांना खडसावलं. १४ मार्चच्या धुळवडीत पट्ट्या रंगल्या. एका वादळी संध्याकाळी दोन बांबू कलले, पण पडले नाहीत, कारण डब्याबरोबर ते दाराच्या चौकटीलाही सुतळीने बांधलेले होते. ही दुहेरी बांधणी करायला विसरू नका.

१६ मार्चला उतरवलं. बांबू ज्याच्या दारचा त्याला. काढल्यावर भिंतीला हात लावून फोटो काढून ठेवा, जागा होती तशी केल्याचा पुरावा म्हणून. अनामत परत मिळायला ३७ दिवस आणि तीन फेऱ्या लागल्या, आणि तो फोटो मागितला गेलाच. भाईंनी आधी मजुरी नाकारली. मी आग्रह धरला, दीड दिवसाचे १,५०० दिले. लोकांचं दुःख हा विषय असला तरी लोकांचे हात फुकट वापरू नयेत, याबद्दल माझं मत ठाम आहे. चहा-नाश्त्याचे १,८५० आणि झेरॉक्स-छपाईचे ३४० धरून एकूण खर्च १३,९४० रुपये झाला. ४,००० मित्रांनी जमवले, बाकी माझ्या भिंतीच्या कामांतले.

उन्हाळ्यात नदीतला गाळ काढण्याचं मोठं काम सुरू झालं, यंत्रं आली. माझ्या बांबूंचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि तसा कुणी जोडला तर मी थांबवते. जुलैत, एक मोठा पाऊस होऊन गेल्यावर, मी आजींकडे गेले. त्यांनी बांबू दाराशी तसाच ठेवला होता, पट्टीचा रंग उडालेला. आत त्यांच्या मुलाने भिंतीला एक फळी ठोकली होती. आजींनी मला जवळ बोलावून दाखवलं, दारातल्या पट्टीपासून आत सुतळी ताणून तिची उंची धरली होती आणि त्याच्यावर दोन विती. फळीवर पत्र्याची पेटी होती. आत रेशन कार्ड, नातीचे दाखले, आणि एक जुना फोटो, कडा पाण्याने फुगलेला.

त्यांनी चहा केला. नळाला पाणी कमी येतं म्हणून कुरकुरल्या.

डबे लोकांना नको होते. त्यातले १७ काकूंच्या परसात पडून आहेत, घट्ट भरलेले, कुठल्याही मंडपाला चालतील. बडोद्यात कुणाला हवे असतील तर घेऊन जा, पैसे नकोत. फक्त टेम्पो तुमचा आणा. एकेक डबा उचलायला दोन माणसं लागतात.